लँडस्केपवाल्याला आधी बोलवा

इमारतींचे सांगाडे उभे राहिले, रस्ते झाले, ड्रेनेजच्या वाहिन्या पुरून झाल्या, की मग लँडस्केपवाल्याला बोलावणं जातं. तोवर पैसे संपत आलेले असतात, ताबा द्यायची तारीख डोक्यावर बसलेली असते आणि जमिनीबद्दलचे सगळे मोठे निर्णय होऊन गेलेले असतात. पावसाचं पाणी कुठून कुठे जाणार, दुपारचं ऊन कोणत्या पदपथावर पडणार, जुनी झाडं राहणार की जाणार, म्हाताऱ्या माणसाला घरापासून बाकापर्यंत सावलीतून चालत जाता येणार की नाही, हे सगळं ठरलेलं असतं. उरतात ते इमारतींच्या मधले वेडेवाकडे तुकडे. तिथे काहीतरी हिरवं बसवून द्या, एवढंच काम त्याच्या वाट्याला येतं. तोही बसवून देतो: मधोमध लॉन, कडेने झुडपं, दोन बाकं. आणि गंमत अशी, की विक्रीच्या माहितीपत्रकात पहिल्या पानावर फोटो झळकतो तो याच तुकड्याचा.

हा क्रमच मुळात चुकलेला आहे, असं माझं म्हणणं आहे. लँडस्केप आर्किटेक्चर, म्हणजे इमारतींबाहेरच्या जमिनीची, पाण्याची आणि झाडांची आखणी, हे पाणीपुरवठा किंवा मलनिस्सारण यांच्याच पंगतीतलं काम आहे. त्याला आराखड्याच्या पहिल्या बैठकीत जागा हवी आणि नंतर दरवर्षीच्या अंदाजपत्रकात स्वतःचं खातं हवं. या दोन गोष्टी मिळणार नसतील, तर ‘शाश्वत’, ‘हरित’, ‘निरोगी’ वगैरे विशेषणं खुशाल वापरा, पण तिथे राहणाऱ्यांच्या तब्येतीत त्याने फरक पडणार नाही.

मागणी नवी अजिबात नाही. या व्यवसायाची सुरुवातच सार्वजनिक आरोग्याच्या कामातून झाली. फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड आणि कॅल्व्हर्ट व्हॉक्स यांनी 1858 मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कची स्पर्धा जिंकली, हे सगळे सांगतात. त्यानंतर तीनच वर्षांनी, अमेरिकी यादवी युद्ध पेटल्यावर, ओल्मस्टेड सॅनिटरी कमिशनचे सचिव झाले, हे फारसं कोणी सांगत नाही. सैन्याच्या छावण्यांत पाणी कुठलं प्यायचं, शौचाचे खड्डे कुठे खणायचे, तंबू कोणत्या उतारावर ठोकायचे, हे त्या कमिशनचे प्रश्न होते. त्या युद्धात गोळ्यांपेक्षा रोगांनी जास्त सैनिक मेले. जमीन कशी आखली यावर माणसं जगतात की मरतात हे ठरतं, याचा धडा त्यांना तिथे अगदी जवळून मिळाला असणार.

बॉस्टनच्या बॅक बे भागातलं त्यांचं काम म्हणूनच मला सेंट्रल पार्कपेक्षा जास्त बोलकं वाटतं. 1870 च्या दशकात तिथे मडी रिव्हर आणि स्टोनी ब्रुक हे दोन प्रवाह भरती-ओहोटीच्या खाजणात येऊन मिळत. सोबत शहराचं सांडपाणी येई. ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलाला असह्य दुर्गंधी सुटे आणि मोठा पाऊस झाला की पाणी वर चढे. ओल्मस्टेडनी सांडपाणी वेगळ्या वाहिनीत वळवलं, पुराचं पाणी पसरायला वळणावळणाचं खोरं खोदलं, आणि खाऱ्या पाण्यात तगणाऱ्या पाणथळीच्या वनस्पती लावल्या. लोकांना फिरायला जागा मिळाली ती या सगळ्याच्या ओघात. पुढची गोष्ट मात्र शिकण्यासारखी आहे. 1910 मध्ये चार्ल्स नदीच्या मुखाशी धरण झालं, पाणी गोडं झालं आणि ती खारी पाणथळ संपली. विसाव्या शतकाच्या मध्यात मडी रिव्हरचा काही भाग वाहिन्यांत कोंबून वर मोटारींसाठी पार्किंग केलं गेलं. ऑक्टोबर 1996 मध्ये मुसळधार पाऊस झाला, नदीने त्या वाहिन्यांना जुमानलं नाही आणि पाणी थेट भुयारी रेल्वेच्या स्टेशनात घुसलं. मग मोठा खर्च करून ते पार्किंग उखडलं आणि नदी पुन्हा उघड्यावर आणली. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी जे आधी विचार करून केलं होतं, तेच नंतर खोदकाम करून परत मिळवावं लागलं.

आता जरा वाकून मातीकडे बघू. या विषयावरच्या चर्चेत झाडांची संख्या असते, हिरव्या क्षेत्राची टक्केवारी असते, पण माती क्वचितच असते. आणि खरी हानी तिथेच होते.

बांधकाम सुरू होतं तेव्हा पहिल्या आठवड्यात जमिनीचा वरचा काळसर थर खरवडून काढला जातो. गांडुळं, बुरशी, मुळं, कुजलेला पाला, जे काही जिवंत आहे ते जवळजवळ सगळं या वीतभर थरात असतं. हा थर डंपरमध्ये भरून बाहेर जातो किंवा राडारोड्याखाली गाडला जातो. मग दोन-तीन वर्षं त्या उघड्या जमिनीवरून डंपर आणि रोलर फिरतात, सळ्यांचे ढीग पडतात, सिमेंट कालवलेलं पाणी ओतलं जातं. शेवटी त्या दगडासारख्या झालेल्या जमिनीवर चार बोटं लाल माती पसरतात आणि तिच्यावर लॉनच्या गुंडाळ्या उलगडतात. एक मोसम ते फार सुंदर दिसतं. त्याखालची जमीन मात्र इतकी दाबली गेलेली असते, की मुळांना शिरकाव नसतो. मातीची घनता चिकणमातीत दर घनसेंटिमीटरला साधारण 1.47 ग्रॅमच्या वर गेली, वाळूच्या मातीत 1.8 च्या वर गेली, की मुळं खाली जायचं सोडून देतात. पाणीही मुरत नाही. अशा लॉनवर पडलेला जोरदार पाऊस फरशीवरून जावा तसा घसरून गटारात जातो. नकाशावर मात्र तो तुकडा हिरव्या रंगात असतो आणि ‘पाणी झिरपणारं क्षेत्र’ या रकान्यात मोजला जातो.

रस्त्याकडेच्या झाडाचं तर विचारूच नका. मीटरभर लांब, मीटरभर रुंद, मीटरभर खोल असा खड्डा, म्हणजे एक घनमीटर माती. झाडाच्या पसाऱ्याच्या प्रत्येक चौरस मीटरमागे सुमारे 0.6 घनमीटर चांगली माती लागते, असा एक ठोकताळा वृक्षतज्ज्ञ वापरतात. सहा मीटर व्यासाची सावली हवी असेल तर तिचं क्षेत्रफळ होतं सुमारे 28 चौरस मीटर, आणि माती लागते 17 घनमीटरच्या आसपास. आपण देतो एक. मग झाड मरत नाही, पण वाढतही नाही. वर्षानुवर्षं काठीसारखं उभं राहतं, किंवा मुळं फरशीखालच्या ओलाव्याच्या मागे लागून फरश्या उचलतात आणि दोष झाडाच्या जातीवर येतो. त्यातच रोप लावताना खोल गाडलेलं असतं. खोड जमिनीतून वर येतं तिथे ते जरासं पसरट होतं. तो पसरट भाग मातीच्या वर दिसायला हवा. तो मातीखाली गेला की बुंध्याची साल सतत ओली राहून कुजते, आणि झाड दहाव्या-बाराव्या वर्षी एखाद्या वाऱ्यात आडवं होतं. तोवर लावणारा ठेकेदार कुठे असतो कोण जाणे.

यावर उपाय माहीत नाही असं नाही. स्टॉकहोममध्ये पदपथाखाली मुठीपेक्षा मोठ्या दगडांचा थर देतात, दगडांमधल्या पोकळ्यांत माती आणि बायोचार (काडीकचऱ्यापासून केलेला कोळसा) धुऊन भरतात आणि वर हवा-पाणी आत जाण्यासाठी झडपा ठेवतात. रस्त्याचा भार दगड पेलतात, मुळांना पोकळीत माती, ओलावा आणि हवा मिळते. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात 1990 च्या दशकात याच तत्त्वावर खडी आणि मातीचं मिश्रण तयार झालं. पण हे सगळं पदपथाची फरशी बसवण्याआधी, विजेच्या आणि इंटरनेटच्या केबल टाकण्याआधी करावं लागतं. म्हणजे नकाशात आधी असावं लागतं. शेवटी आलेल्या माणसाला हे करताच येत नाही, त्याच्याकडे कितीही ज्ञान असलं तरी.

झाडांचा आणि आरोग्याचा संबंध खरोखर किती, हा प्रश्न रास्त आहे. या बाबतीत माझ्याच बाजूचे लोक फार सैल बोलतात असं मला वाटतं. सगळ्यात जास्त सांगितला जाणारा अभ्यास रॉजर उलरिक यांचा, 1984 चा. पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांपैकी काहींच्या खिडकीतून झाडं दिसत आणि काहींच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडं दिसणारे सरासरी पाऊण दिवस आधी घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली. अभ्यास सुबक आहे, पण तुलनेसाठी जुळवलेल्या रुग्णांच्या जोड्या होत्या फक्त 23. एवढ्यावर शहरांची धोरणं उभी करायची म्हणजे जरा धाडसच. दुसरा अभ्यास अमेरिकेतल्या ॲश वृक्षांचा. आशियातून आलेला एक हिरवा चकचकीत भुंगा 2002 मध्ये डेट्रॉइट परिसरात सापडला. त्याने पुढे कोट्यवधी ॲश वृक्ष मारले. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात 15 राज्यांतल्या मृत्यूंच्या नोंदी तपासल्या, तेव्हा झाडं गेलेल्या भागांत हृदयविकाराने सुमारे 15,000 आणि श्वसनविकाराने सुमारे 6,000 जादा मृत्यू झाल्याचं दिसलं. आकडा मोठा आहे, तरीही हे निरीक्षण आहे. झाडं गेली म्हणूनच माणसं गेली, असं त्यातून सिद्ध होत नाही.

मला सर्वांत पटतो तो फिलाडेल्फियाचा प्रयोग, कारण तो खरोखरच प्रयोग होता. शहरात ओसाड पडलेल्या 541 जागा निवडल्या आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तशा तीन गटांत वाटल्या. एका गटात काहीच केलं नाही. दुसऱ्यात फक्त कचरा उचलला आणि गवत कापलं. तिसऱ्यात कचरा उचलून जमीन सारखी केली, गवत पेरलं, थोडी झाडं लावली, भोवती बुटकं लाकडी कुंपण घातलं आणि नियमित देखभाल ठेवली. आसपास राहणाऱ्या लोकांना आधी आणि नंतर त्यांच्या मनःस्थितीबद्दल विचारलं. 2018 मध्ये आलेला निष्कर्ष असा, की तिसऱ्या गटाच्या शेजारी राहणाऱ्यांत खिन्न वाटण्याचं प्रमाण काहीच न केलेल्या जागांच्या तुलनेत 41.5 टक्क्यांनी घटलं. नुसता कचरा उचललेल्या जागांजवळ तसा ठोस फरक दिसला नाही.

या प्रयोगातलं ते कुंपण बघा. गुडघा-मांडीएवढं, आडव्या लाकडांचं, कोणीही ओलांडून आत जाईल असं. ते कोणाला अडवत नाही. पण तिथून मोटारीने येऊन राडारोडा टाकता येत नाही, आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला कळतं की या जागेला कोणीतरी वाली आहे. जोन नॅसॉअर या लँडस्केप आर्किटेक्ट अमेरिकेत हेच कित्येक वर्षं सांगत आल्या आहेत: रानटी वाढू दिलेली, पर्यावरणाला उत्तम असलेली जागा लोकांना अस्ताव्यस्त वाटते, पण तिच्या कडेने एक कापलेली पट्टी, एक नीट काठ ठेवला की तीच जागा त्यांना आपली वाटू लागते. एवढीशी गोष्ट, ती इंजिनिअरच्या सूत्रात बसत नाही आणि नर्सरीच्या बिलातही दिसत नाही. रचनाकार लागतो तो यासाठी.

पाण्याच्या बाबतीत रचनेचा फायदा लवकर दिसतो आणि चूकही लवकर दिसते. सिंगापूरमध्ये बिशान पार्कच्या कडेने कलांग नदी काँक्रीटच्या सरळ कालव्यातून वाहायची. 2.7 किलोमीटरचा तो कालवा तोडून 3.2 किलोमीटरची नागमोडी नदी केली आणि ती पार्कच्या आतून नेली. 2012 पासून ती लोकांसाठी खुली आहे. कोरड्या दिवशी मुलं दगडांवरून नदी ओलांडतात; मोठा पाऊस आला की तीच हिरवळ पाण्याखाली जाते, भोंगे वाजतात आणि माणसं वर सरकतात. किनाऱ्यांना आधार काँक्रीटचा नाही, झाडांच्या मुळांचा, काटक्यांच्या जुड्यांचा आणि दगडांचा आहे. आणि हे आयत्या वेळी सुचलेलं नव्हतं. आधी नदीच्या एका छोट्या तुकड्यावर वेगवेगळ्या पद्धती लावून कोणत्या टिकतात ते पाहिलं होतं.

डेन्मार्कच्या राजधानीला, कोपनहेगनला, अक्कल आली ती 2 जुलै 2011 रोजी. दोन-तीन तासांत सुमारे 150 मिलिमीटर पाऊस पडला आणि सहा अब्ज क्रोनरहून जास्त नुकसान झालं. दुसऱ्या वर्षी शहराने ढगफुटीचा स्वतंत्र आराखडा केला. नुसते पाइप मोठे करण्यापेक्षा रस्ते, चौक आणि पार्क यांच्यात पाणी साठवणं स्वस्त पडतं, असा हिशेब मांडला गेला आणि सुमारे 300 कामं ठरली. एंगहॅवेपार्केन हे जुनं पार्क त्यासाठी अशा तऱ्हेने बदललं, की प्रसंगी तिथे सुमारे 22,600 घनमीटर पाणी मावतं. एरवी तिथे लोक खेळतात, बसतात, गुलाब बघतात.

पण हे असं छान छान सांगून थांबणं लबाडी ठरेल. चीनमध्ये यू कोंगजियान यांनी ‘स्पंज शहरा’ची, म्हणजे पावसाचं पाणी बागा आणि पाणथळींत शोषून धरणाऱ्या शहराची, कल्पना लावून धरली, सरकारने 2013 पासून ती धोरण म्हणून घेतली. 2025 मध्ये ब्राझीलमध्ये विमान अपघातात यू यांचं निधन झालं, तोवर ते जगातल्या सर्वांत प्रभावी लँडस्केप आर्किटेक्टांपैकी एक झाले होते. तरीही 20 जुलै 2021 रोजी, स्पंज शहरासाठी भरपूर खर्च केलेल्या चेंगचौमध्ये एका तासात 201.9 मिलिमीटर पाऊस पडला आणि भुयारी रेल्वेत माणसं बुडाली. बागा आणि पाणथळी नेहमीचा पाऊस पेलतात, बराचसा मोठा पाऊसही पेलतात. तासाला दोनशे मिलिमीटर पेलत नाहीत. त्यासाठी मोठे नाले, वेळेवर इशारा आणि रेल्वे थांबवायचा निर्णय लागतो. लँडस्केपवाल्यांनी हे स्वतःहून सांगायला हवं, नाहीतर एक दिवस पूर येतो आणि सगळी कल्पनाच थट्टेचा विषय होते. तसंच दक्षिण कोरियातल्या सोल शहराच्या चॉन्गेचॉन ओढ्याचं. उड्डाणमार्ग पाडून 2005 मध्ये 5.8 किलोमीटरचा ओढा उघडा केला, आजूबाजूची हवा शेजारच्या रस्त्यापेक्षा काही अंशांनी थंड झाली, गर्दी लोटली. पण त्यातलं बहुतांश पाणी रोज पंपाने चढवावं लागतं. मला तो ओढा तरीही आवडतो. त्याला नदीचं पुनरुज्जीवन म्हणू नये, एवढंच.

आणि चूक कुठे होते? बहुतेक वेळा दोन-चार इंचांत. रस्त्याचं पाणी झाडांच्या पट्टीत जावं म्हणून कर्बला, म्हणजे रस्त्याच्या उंच काठाला, फट ठेवतात. पट्टी रस्त्यापेक्षा खोल असेल तर पाणी आत जातं. पण ठेकेदाराला मातीचा उंचवटा केलेला वाफा देखणा वाटतो, म्हणून तो माती वर चढवून ठेवतो. मग पाणी आत जायच्या ऐवजी वाफ्यातली माती बाहेर रस्त्यावर येते आणि गटार तुंबवते. जिथे खोली बरोबर असते तिथे पहिल्या दोन पावसांतला गाळ आणि पाला फटीच्या तोंडाशी बसतो. तो काढायला खुरपं घेतलेला एक माणूस आणि दहा मिनिटं लागतात. तो माणूस कोणाच्याच पगारपत्रकावर नसतो. कोट्यवधी खर्चून केलेली पर्जन्य-बाग अशा ओंजळभर गाळाने निकामी होते, आणि मग सभेत कोणीतरी म्हणतं, बघा, आम्ही सांगितलं होतं, हे सगळं फॅड आहे.

उष्णतेचंही असंच पाण्यावर येऊन थांबतं. सावली तर आहेच, पण मोठ्या झाडाने दिवसात 100 लिटर पाणी पानांतून बाहेर टाकलं तर त्या बाष्पीभवनात सुमारे 68 किलोवॅट-तास इतकी उष्णता खर्ची पडते. मुळाशी पाणी नसेल तर झाड पानांवरची बारीक छिद्रं मिटून घेतं आणि हा गारवा बंद होतो, नेमका उन्हाच्या कडाक्यात. पुन्हा माती, पुन्हा तो एक घनमीटरचा खड्डा.

ही सावली कोणाला मिळते, हा प्रश्न त्याहून नाजूक आहे. 1930 च्या दशकात अमेरिकेत एका सरकारी संस्थेने शहरांचे नकाशे रंगवले आणि मुख्यतः कृष्णवर्णीयांच्या व स्थलांतरितांच्या वस्त्या कर्जासाठी धोकादायक म्हणून लाल केल्या. 2020 च्या एका अभ्यासाने 108 शहरी भाग तपासले. त्यांतल्या 94 टक्के ठिकाणी त्या जुन्या लाल वस्त्या आजही बाकीच्यांपेक्षा तापलेल्या आहेत, सरासरी अडीच अंशांनी. कर्ज नाकारलं, त्यामुळे घरं नीट झाली नाहीत, झाडं लागली नाहीत, मोकळ्या जागांवर महामार्ग आणि गोदामं आली. झाडं कुठे आहेत यावरून पैसा कुठे होता ते बरोबर सांगता येतं.

आणि गरीब वस्तीत झाडं लावली की प्रश्न सुटतो, असंही नाही. सेंट्रल पार्कसाठी 1857 मध्ये सेनेका व्हिलेज ही वस्ती उठवली. तिथे मुख्यतः कृष्णवर्णीय कुटुंबं राहत, त्यांची स्वतःची घरं होती, चर्च होती, शाळा होती. दीडशे वर्षांनी त्याच शहरात जुन्या उन्नत रेल्वेमार्गावर हाय लाइन ही बाग झाली. 2009 मध्ये ती उघडली, कौतुकाचा पाऊस पडला आणि भोवतीच्या जागांचे भाव चढले; शेजारच्या सार्वजनिक गृहसंकुलांतले लोक मात्र तिथे क्वचितच फिरकले. तिच्या संस्थापकांपैकी एकाने पुढे जाहीरपणे मान्य केलं की रचना कशी हवी हे विचारण्याऐवजी, आम्ही तुमच्यासाठी काय करू शकतो, हे विचारायला हवं होतं. इथे रचनाकार हात वर करतो: घरभाडं हा माझा विषय नाही. खरं आहे, एकट्याचा नाहीच. पण क्रमाचा प्रश्न इथेही तोच आहे. वॉशिंग्टनमध्ये ॲनाकोस्टिया नदीवर, जुन्या पुलाच्या खांबांवर पार्क करायचं ठरलं तेव्हा बांधकामाचा पत्ता नव्हता, पण 2015 मध्येच घरं, रोजगार आणि छोटे व्यवसाय यांचा समन्यायी आराखडा तयार झाला. रहिवाशांच्या हाती जमीन राहावी म्हणून सामुदायिक भूमी न्यास स्थापन झाला. तो कितपत पुरा पडेल, हे काळ ठरवेल. निदान झाडांआधी माणसांचं बघितलं.

यावरचा नेहमीचा आक्षेप जागेचा. घरं कमी पडत असताना झाडांना जागा कुठून आणायची? घरं तर हवीतच, आणि दाटही हवीत. दाट वस्तीत माणसं चालत कामाला जातात, बस परवडते. दाटीला माझा विरोध नाही. मोकळी जागा जी सुटते ती कशी सुटते, हा माझा मुद्दा आहे. मोटारींच्या फेऱ्याच्या आणि पार्किंगच्या गणितातून उरलेले तुकडे एकत्र केले तर बऱ्याच ठिकाणी एक चांगलं पार्क होईल एवढी जागा निघते. ती दहा ठिकाणी विखुरलेली असल्यामुळे कोणाच्याच कामाची राहत नाही. एकत्र करायची वेळ असते पहिल्या नकाशाच्या वेळी. शहरांतल्या झाडांचे अभ्यासक सेसिल कोनाइनेंडाइक यांनी 2021 मध्ये एक सोपा निकष मांडला: प्रत्येक घरातून 3 झाडं दिसावीत, वस्तीवर 30 टक्के वृक्षछाया असावी आणि 300 मीटरच्या आत हिरवी मोकळी जागा असावी. बार्सिलोनात पाहणी केली तेव्हा तिन्ही अटी जेमतेम 4.7 टक्के लोकांच्या बाबतीत पूर्ण होत होत्या. बांधून झालेल्या शहरात हे आकडे गाठणं किती जड जातं, ते त्यावरून कळतं. नव्या वस्तीत ते कागदावर जवळजवळ फुकट गाठता येतात.

लँडस्केप आर्किटेक्टांनाही यातून सोडता येत नाही. पुरस्कारासाठी फोटो काढला जातो उद्घाटनाच्या आठवड्यात. संगणकावरच्या चित्रात झाडं तीस वर्षांची दाखवलेली असतात, पतंग उडवणारं मूल असतं, आणि झाडाखालची माती कुठून येणार याचा नकाशात उल्लेख नसतो. पाच वर्षांनी जाऊन आपलंच काम बघणारे किती निघतील? पहिल्या बैठकीत खुर्ची मागायची तर सोबत मातीचा अहवाल, पाण्याचा हिशेब आणि देखभालीचा खर्च घेऊन जावं लागेल. रंगीत चित्रं घेऊन गेलं की माणसाला सजावटीच्या खात्यात टाकतात, आणि त्यात फक्त टाकणाऱ्यांचा दोष नाही.

करारात काय लिहायचं, ते फार अवघड नाही. खोदकामाआधी वरची माती वेगळी काढून, बुटक्या ढिगांत, झाकून ठेवायची आणि शेवटी तीच परत पसरायची. राहणार असलेल्या झाडाभोवती त्याच्या फांद्यांच्या घेराएवढं कुंपण पहिल्या दिवशी घालायचं, त्याच्या आत वाहन जाणार नाही आणि सामान पडणार नाही. झाडांच्या जागा आणि मातीचं आकारमान केबल-पाइपच्या नकाशावरच दाखवायचं. माळ्यांचा पगार आणि त्यांचं प्रशिक्षण बांधकामाच्या खर्चातून नको, दरवर्षीच्या वेगळ्या तरतुदीतून हवं. आणि ठेकेदाराची शेवटची रक्कम तिसऱ्या उन्हाळ्यानंतर, जिवंत झाडं मोजून द्यायची. रस्ता बांधणाऱ्याला काही वर्षांची दुरुस्तीची जबाबदारी असते आणि त्यावर कोणी कुरकुर करत नाही. झाडांच्या बाबतीत तशी अट घातली की निविदा महागतील, असं लगेच सांगितलं जाईल. महागू देत. आज जी स्वस्त दिसते त्या निविदेत मेलेली झाडं पुन्हा लावायचा खर्च, तुंबलेल्या पाण्याचा खर्च आणि उखडलेल्या फरश्यांचा खर्च धरलेलाच नसतो. तो दुसऱ्या खात्यातून, दुसऱ्या वर्षी, दुसऱ्याच कोणाच्या तरी सहीने जातो.